सातमाशा बाळाची दोन वयं

समजा, तुमची ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी रिसोडला आली. डॉक्टरांनी तारीख दिली होती दिवाळीच्या आसपासची, बाळ आलं पोळ्यालाच. दीड किलोचं. काही आठवडे काचेच्या पेटीत काढून घरी आलं. आता ते नऊ महिन्यांचं झालंय. शेजारचं तेवढंच पोरगं रांगत उंबरा ओलांडतं आणि आपलं आत्ता कुठं बसायला लागलंय. मग कोणीतरी बोलून जातंच, ‘सातमाशं आहे बाई, डोक्यानं मागंच राहणार.’

थांबा, आधी हिशेब करू. दिवस पूर्ण भरले म्हणजे ४० आठवडे. ३७ च्या आत जन्मलं तर अकाली. हे बाळ ३२ व्या आठवड्यात आलं, म्हणजे आठ आठवडे लवकर. नवातून दोन महिने वजा करा. त्याचं खरं वय सात महिने, आणि सातव्या महिन्यात बाळ बसायलाच लागतं! डॉक्टर दोन वर्षांपर्यंत असंच वय मोजतात.

हे मन राखायला सांगत नाहीये, त्यामागं कारण आहे. पोटातले शेवटचे आठवडे मेंदूच्या वाढीचे असतात. ३४-३५ व्या आठवड्यात मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या दोन तृतीयांशच असतं. उरलेलं काम बाहेर येऊन करावं लागतं. (सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही, हे आजीचं गणित मात्र सोडा. पोटात जितके आठवडे जास्त, तितकं बरं.)

पण पुढं काय? पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी हेच शोधलं. १९८७ ते ८९ मध्ये जन्मलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांवर त्यांनी वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. बाराव्या वर्षी या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक ८९ च्या आसपास आला, पूर्ण वजनाच्या मुलांचा ९७. फरक आहे, तो लपवायचा कशाला? पण ८९ सुद्धा सर्वसाधारण कक्षेतच बसतो. खरी अडचण दिसली ती वाचनात, गणितात आणि डोळा-हात यांच्या मेळात. म्हणजे फळ्यावरचं उतरवून घेताना मागं पडणारं, पाढ्यांत अडकणारं पोरगं. वर्गात त्यालाच आपण ‘मठ्ठ’ म्हणून मोकळे होतो. ते कितव्या आठवड्यात जन्मलं, हे कोण विचारतं?

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. आईच्या शिक्षणाचा मुलाच्या बुद्ध्यांकावर परिणाम होतो. सगळं जन्माच्या वजनावरच ठरत नाही, घरावरही ठरतं.

आणि घरात तुम्ही आहात. बाळाशी बोलायला पदवी लागत नाही. त्याच्या डोळ्यांत बघून बोला, तांड्यावर असाल तर गोरमाटीत बोला. त्यानं ‘आ’ केलं की तुम्हीही ‘आ’ करा. पुढ्यात मोबाइल धरण्यापेक्षा वाटी-चमचा द्या.

मात्र नुसतं बोलून भागत नाही. बाळ दोन किलोपेक्षा कमी किंवा ३४ आठवड्यांच्या आतलं असेल, तर जन्मापासून महिनाभरात डोळ्यांचा पडदा तपासायचा असतो. उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते. कानांचीही तपासणी हवीच, कारण ऐकू न येणारं पोरगंसुद्धा बाहेरून ‘मंद’च दिसतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, त्यांना बाळ अकाली जन्मल्याचं आवर्जून सांगा. आशाताईही घरी येऊन नवजात बाळाला बघतात. या पद्धतीची वाट आपल्या विदर्भातल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी दाखवली.

गोची होते ती ताई सासरी निघाली की. बाळाची नोंद रिसोडला, सासर मानोऱ्याला, नाहीतर नवरा कामाला पुण्याला. इथल्या आशाताईंना वाटतं तिकडं बघत असतील, तिकडच्यांना बाळ आल्याचा पत्ताच नाही. म्हणून निघण्याआधी दवाखान्याच्या सुटीच्या कार्डाचा फोटो काढा. जन्माचा आठवडा, वजन, पुढच्या तपासणीची तारीख नीट दिसू द्या. तो ताईला आणि भाऊजींना पाठवा, तिकडच्या आशाताईंचा नंबर मागून घ्या आणि इथल्या आशाताईंना द्या.