शिळेवरच्या धर्मोपदेशिका

चित्रातल्या बाई साठीच्या आहेत. डोक्याला पांढरी टोपी, खांद्यावर पांढरी शाल, समोर पुस्तकं आणि हातात लेखणी. खाली छापलं आहे: मिसेस जरीना ली, ए.एम.ई. (आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल) चर्चच्या धर्मोपदेशिका, फिलाडेल्फिया, 1844. पाहणाऱ्याची नजर चेहऱ्यावरून फिरते आणि पुन्हा त्या लेखणीपाशी येऊन थांबते.

याच शहरात पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एडवर्ड क्ले यानं ‘लाइफ इन फिलाडेल्फिया’ ही चित्रमाला काढून कृष्णवर्णीयांच्या पेहरावाची आणि बोलण्याची यथेच्छ टवाळी केली होती. ली यांचं चित्र त्याच शहरातलं.

चित्र शिळाछापाचं आहे. चुनखडीच्या सपाट शिळेवर तेलकट खडूनं उलटं चित्र काढायचं, गोंद आणि आम्ल लावायचं, शिळा ओली करून शाईचा रूळ फिरवायचा. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 साली पंचांग छापलं ते याच पद्धतीनं. या कामात पांढरा रंग नसतोच. टोपी आणि शाल म्हणजे कोरी सोडलेली जागा. सावळा चेहरा मात्र कणाकणानं भरावा लागतो. खडू जास्त दाबला की डाग पडतो, कमी दाबला की छाप पुसट येते. टवाळीला चार जाड रेषा पुरतात. असा चेहरा काढायला समोरच्या माणसाकडे नीट बघावं लागतं. 1844 मध्येच आल्फ्रेड हॉफी यानं याच चर्चच्या ज्युलिअन जेन टिलमन यांनाही प्रत्यक्ष पाहून रेखाटलं. ते चित्र पी. एस. ड्युव्हाल यांच्या छापखान्यात छापलं गेलं.

ली यांचा जन्म 1783 चा, न्यू जर्सीतल्या केप मे इथला. सातव्या वर्षी त्या घरापासून साठ मैलांवर मोलकरीण म्हणून राहिल्या. पुढे प्रवचनाची परवानगी मागितली तेव्हा या चर्चचे संस्थापक रिचर्ड ॲलन यांनी नियमावलीत बायकांना जागा नाही असं सांगितलं. मग 1819 मध्ये बेथेल चर्चमध्ये प्रवचनकार मधेच अडखळले. ली जागेवरून उठल्या आणि त्यांनी धागा पुढे नेला. ॲलन तोवर बिशप झाले होते. त्यांनी तिथंच बाईंची बाजू घेतली.

त्यानंतरच्या एका वर्षाचा हिशेब त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे: 2,325 मैल प्रवास, 178 प्रवचनं. गुलामगिरी चालू असलेल्या मेरीलँडमध्येही त्या बोलल्या. 2,325 मैल, आणि धर्मगुरूपदाची दीक्षा नाहीच!

पैसाही त्यांचाच. 1836 मध्ये 38 डॉलर मोजून आत्मकथनाच्या हजार प्रती छापल्या आणि मेळाव्यांत फिरून विकल्या. वाढवलेलं हस्तलिखित चर्चच्या समितीनं वाचता येत नाही म्हणून परत केलं, तेव्हा 1849 मध्ये तेही स्वखर्चानं काढलं. लेखणी हाती घेतलेलं हे चित्र त्या पुस्तकात आहे. 178 प्रवचनांचा हिशेब ज्या चर्चसमोर मांडला, त्यानं बायकांना दीक्षा द्यायला 1948 साल उजाडू दिलं. व्हॅश्टी मकेंझी पहिल्या स्त्री-बिशप झाल्या 2000 मध्ये. ली यांना मरणोत्तर दीक्षा मिळाली 2016 मध्ये.

दरम्यान याच चर्चच्या अमांडा बेरी स्मिथ 1879 मध्ये मुंबईत उतरल्या. गुलामीत जन्मलेल्या, कपडे धुऊन पोट भरलेल्या या बाई दीक्षेविनाच सुमारे दोन वर्षं हिंदुस्थानात प्रवचनं करत राहिल्या. 1893 मध्ये त्यांचं आत्मचरित्र निघालं, तेव्हा त्यांनीही आरंभी आपलं चित्र छापलं.