प्रकाशाचा रंग आणि केळीचे रोप

वसमत, अर्धापूर आणि परभणीच्या परिसरात केळीची लागवड पूर्वी मुनव्यांपासून होत असे. (वसमत तालुका १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होता.) आता मुनव्यांची जागा बहुतांशी प्रयोगशाळेत वाढवलेल्या ऊतिसंवर्धित, म्हणजे ‘टिश्यूकल्चर’ रोपांनी घेतली आहे. पाच बाय सहा फुटांवर एकरात सुमारे १,४५० रोपे बसतात. कर्जाच्या प्रस्तावात रोपांचा खर्च एका ओळीत येतो; परंतु रोपांत दोष असेल तर तो कित्येक महिन्यांनी उघड होतो आणि तोवर खत, पाणी व व्याज खर्ची पडलेले असते. म्हणून रोपे विकणाऱ्या व लावणाऱ्या आपल्या कुटुंबांनी त्यांच्या वाढीचे शास्त्र जाणून घेणे हिताचे आहे.

निरोगी मुनव्याच्या कंदातील वाढीचा कोवळा अग्रभाग काढून तो क्षार, साखर व संजीवके असलेल्या निर्जंतुक माध्यमावर ठेवतात. सायटोकायनिन या संजीवकाचे प्रमाण अधिक ठेवले की कोंब फुटतात, ऑक्सिनचे प्रमाण वाढवले की मुळे धरतात. हा समतोल स्कूग व मिलर यांनी १९५७ मध्ये मांडला. बाटल्या सुमारे २५ अंश तापमानात, साधारणतः १६ तास उजेडात व ८ तास अंधारात ठेवल्या जातात. येथेच प्रकाशाच्या रंगाचा प्रश्न येतो.

वनस्पती मुख्यतः ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या लहरी अन्ननिर्मितीसाठी वापरतात. त्यांतील निळा प्रकाश खोड आखूड व दणकट ठेवतो आणि पानांवरील रंध्रे उघडतो. लाल प्रकाश अन्ननिर्मितीस अत्यंत उपयुक्त आहे; पण केवळ लाल प्रकाशात अनेक रोपे लांबट व नाजूक होतात. हिरवा प्रकाश पाने काही अंशी परतवतात, म्हणूनच ती हिरवी दिसतात. तरीही तो अगदी निरुपयोगी नसतो. कोंबांच्या पुनर्निर्मितीसाठी लाल व निळ्याचे मिश्रण पुष्कळ पिकांत लाभदायक ठरले आहे. मात्र योग्य प्रमाण पिकानुसार बदलते. मुख्य सूत्र संजीवकांच्या हाती असते, प्रकाश त्यांना साहाय्य करतो.

वनस्पतीला रंग ओळखता कसा येतो? १९५२ मध्ये अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथे बोर्थविक, हेंड्रिक्स व त्यांच्या सहकाऱ्यांना असे दिसले की लेट्यूसचे बी लाल प्रकाशात रुजते आणि त्यामागोमाग अतिरक्त प्रकाश दिल्यास रुजण्याचे थांबते. त्यामागील रंगद्रव्य म्हणजे फायटोक्रोम. पानांच्या सावलीत लाल प्रकाश घटतो, अतिरक्त उरतो. रोप ते ओळखते आणि उंच होऊ पाहते. दाटीने ठेवलेली रोपे लांबट होण्याचे हे एक मोठे कारण आहे.

कार्यक्षम निळ्या एलईडीच्या शोधासाठी आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. त्या शोधामुळेच हव्या त्या रंगमिश्रणाचे दिवे शक्य झाले.

व्यवहारात यातून चार गोष्टी निघतात. ‘गुलाबी दिव्याने दुप्पट वाढ’ अशा जाहिरातीस भुलू नये. प्रकाशाची तीव्रता व कालावधी हेही तितकेच महत्त्वाचे आहेत. घरातील कुंडीला साधा पांढरा एलईडी पुरतो, कारण त्यात निळा, हिरवा व लाल हे सारे भाग असतात. दुकानातील रोपे दाटीने किंवा अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवू नयेत. आणि खरेदी करताना केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या प्रमाणन योजनेखालील प्रयोगशाळेचीच रोपे घ्यावीत; विषाणूमुक्ततेचा दाखला व पक्के बिल मागून जपून ठेवावे. शंका असल्यास परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, जे १९७२ पासून कार्यरत आहे, तेथील तज्ज्ञांना खरेदीपूर्वीच विचारावे.