शिवेपलीकडची वीज

आमच्या कर्नाटकातल्या बेळगुंदीत विजेचं बिल हेस्कॉम या वीज कंपनीचं. शिवेपलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात महावितरणचं. दर वेगळे, कचेऱ्या वेगळ्या. पण ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही वाहिनीनं दक्षिणेचं वीजजाळं उरलेल्या देशाशी जोडलं आणि दोन्हीकडच्या मोटारी एकाच ५० हर्ट्झच्या ठोक्यावर फिरू लागल्या. मला याचं फार अप्रूप आहे.

शिवेपलीकडे वीज देणं-घेणं देशादेशांतही चालतं. १५ नोव्हेंबर २०२४ला नेपाळची ४० मेगावॉट जलवीज भारताच्या तारांतून प्रथमच बांगलादेशाला विकली गेली. नेपाळचीच वीज तिकडे पोचते असं नाही. त्यानं इकडे घातली तेवढी आपण तिकडे सोडायची, हिशेब मीटरवर. पावसाळ्यात नेपाळकडे वीज उरते. हिवाळ्यात नद्या रोडावल्या, की तोच भारताकडून घेतो.