उतारवयातला पिलाटेस

पिलाटेस या व्यायामपद्धतीत पोटाचे खोलवरचे स्नायू, पाठीचा कणा आणि श्वास यांचा मेळ साधून सावकाश हालचाली केल्या जातात. जर्मनीत १८८३ साली जन्मलेल्या जोसेफ पिलाटेस यांनी पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये स्थानबद्ध असताना ती विकसित केली.

बंगळुरूच्या लालबागेत, कब्बन पार्कात पहाटे फिरणाऱ्या ज्येष्ठांना चालण्याचा लाभ मिळतोच. पण कणा वळवणे, जमिनीवरून उठणे, एका पायावर तोल सांभाळणे यांचा सराव त्यात फारसा होत नाही. वयाबरोबर स्नायू झिजतात, तोल ढळतो आणि पडण्याची भीती वाढते. नियमित पिलाटेसने तोल आणि लवचिकता सुधारते. पिलाटेससाठी वापरल्या जाणाऱ्या रिफॉर्मर या यंत्राच्या स्प्रिंगा शरीराला आधारही देतात. कोलार जिल्ह्यात जन्मलेल्या आणि पुण्यात स्थिरावलेल्या योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांनी पट्टे, विटा, खुर्च्या वापरून योगासने सुकर केली, तीही याच जातीची सोय.

हाडे ठिसूळ झालेल्यांनी मात्र पाठ गोल करून पुढे वाकण्याचे प्रकार टाळावेत; त्याने मणक्याचा अस्थिभंग होऊ शकतो. पिलाटेसच्या मूळ क्रमात असे प्रकार बरेच आहेत, म्हणून आधी डॉक्टरांचा सल्ला आणि जाणकार प्रशिक्षक हवाच. गुडघे दुखत असतील तर सुरुवात खुर्चीत बसूनही करता येते.