सहा अंशांनी कललेली पृथ्वी

राजुरा आणि बल्लारपूरच्या मधून वर्धा नदी वाहते. पुलाला रस्ता जोडायचा म्हणजे भराव आला, आणि भराव आवरायला संरक्षक भिंत आली. दिसायला ती अगदी निवांत. पण सहा मीटर उंच भिंतीमागे कोरडी वाळू असली, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर जवळपास ११ टनांचा रेटा कायम असतो! मागची मातीची एक पाचर खाली घसरू पाहते आणि भिंत तिला अडवते, हे गणित फ्रेंच अभियंता कुलोम यानं १७७६ सालीच मांडलं.

पण जमीनच हलली तर? १९२३च्या कांतो भूकंपानंतर जपानच्या ओकाबे आणि मोनोनोबे यांनी याचं उत्तर शोधलं, आणि काय सुंदर शोधलं! मातीचं वजन खाली, भूकंपाचा धक्का आडवा. दोन्ही मिळून एक तिरकं वजन. म्हणजे जणू अख्खी पृथ्वीच कलली. धक्का गुरुत्वाकर्षणाच्या एक दशांश असेल, तर हा कल सहा अंशांहूनही कमी भरतो. तेवढा कल धरला की कुलोमचंच सूत्र पुन्हा कामाला येतं.

एवढ्याशा कलानं ११ टनांचे १३ होतात. दोनच टन? खरी गोम पुढे आहे. नेहमीचा रेटा तळापासून एक तृतीयांश उंचीवर लागतो. हा जादाचा मात्र बराच वर, साधारण उंचीच्या ०.६ पटीवर धरतात. उभ्या माणसाला कमरेशी रेटलं तर तो पाय रोवतो, खांद्याशी रेटलं की उताणा पडतो. म्हणून रेटा पाचव्या हिश्शानं वाढला, तरी भिंत उलथवणारा जोर तिसऱ्या हिश्शानं वाढतो.

राजुऱ्याला याचं काय, असं म्हणू नका. इथला कोळसा ज्या प्राचीन खचदरीत साचला, तीच पुढे प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातून भद्राचलमकडे जाते. तिथे १३ एप्रिल १९६९ला मध्यम स्वरूपाचा भूकंप झाला होता. आणि धक्क्याचा अंदाज चुकूही शकतो: कोयना धरण गुरुत्वाकर्षणाच्या ०.०५ पट एवढाच धक्का धरून बांधलं होतं. डिसेंबर १९६७मध्ये धरणातल्या यंत्रानं ०.६हून जास्त नोंदवला. धरण उभं राहिलं, पण तडे गेले.

तरीही माझ्या मते इथल्या भिंतींचा रोजचा वैरी पाणी आहे. भिंतीतली निचऱ्याची भोकं बुजली आणि भराव माथ्यापर्यंत तुंबला, तर त्याच सहा मीटर भिंतीवर नुसत्या पाण्याचा रेटा १८ टन, वर भिजल्या वाळूचा आणखी सहा. भूकंप न होताच दुपटीहून जास्त! तेव्हा पावसाळ्याआधी आपल्या गावातल्या भिंतीची भोकं मोकळी आहेत ना, तेवढं बघून या.