लाखोंची एसयूव्ही एका बाजूला झुकते आणि दुरुस्तीला लागतो साधा मेजर टेप! एअर सस्पेन्शनचं हे गणित काय आहे?

इन्स्टावर हे रील्स तुम्ही पाहिलेच असतील. एक दणकट एसयूव्ही उभी आहे, मालक बटण दाबतो, 'फुस्स' असा आवाज येतो आणि गाडी उंटासारखी खाली बसते. पुन्हा बटण, गाडी पुन्हा वर. कमेंट्समध्ये आगीचे इमोजी.

पण अशीच गाडी कधी कधी एका कोपऱ्यात झुकलेली दिसते. गॅरेजमध्ये सांगतात, "कम्प्रेसर गेलाय." मालक मोठं बिल भरून कम्प्रेसर बदलतो आणि गाडी तरीही तिरकीच राहते. कारण अनेकदा हवा भरणारं मशीन ठीकच असतं. गडबड असते ती गाडीची उंची मोजणाऱ्या छोट्याशा सेन्सरमध्ये, किंवा त्या सेन्सरचं म्हणणं कॉम्प्युटरला नीट समजावलेलं नसतं.

या समजावण्यालाच म्हणतात हाइट सेन्सरचं कॅलिब्रेशन.

आधी बेसिक: एअर सस्पेन्शन म्हणजे काय?

साध्या गाडीत खड्ड्यांचे हादरे लोखंडी स्प्रिंग किंवा पाटे झेलतात. एअर सस्पेन्शनमध्ये त्यांच्या जागी जाड रबराचे, हवा भरलेले फुगे असतात. शिवनेरीच्या व्होल्वो बसने तुम्ही मुंबई-पुणे प्रवास केला असेल, तर तुम्ही याच फुग्यांवर बसून गेला आहात.

हवा वाढवली की गाडी वर, सोडली की खाली. कारमध्ये हे काही नवं नाही. १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोममध्ये एअर सस्पेन्शन होतं. नव्वदच्या दशकात रेंज रोव्हरमध्ये इलेक्ट्रॉनिक एअर सस्पेन्शन आलं आणि पुढे ते अनेक लक्झरी गाड्यांत पसरलं.

उदाहरण म्हणून आपण एक गाडी घेऊ, लँड रोव्हर डिस्कव्हरी ३. ही २००४ मध्ये बाजारात आली. २००८ मध्ये टाटा मोटर्सने जॅग्वार लँड रोव्हर कंपनी फोर्डकडून विकत घेतली, २००९ मध्ये मुंबईत शोरूम उघडली आणि तिथे ही गाडी विकायला होती. बटण दाबलं की ती नेहमीपेक्षा साधारण ५ सेंटीमीटर वर किंवा खाली जाते.

गाडीला स्वतःची उंची कळते कशी?

प्रत्येक चाकाजवळ एक हाइट सेन्सर असतो. सेन्सर गाडीच्या सांगाड्याला बसवलेला आणि त्याची दांडी सस्पेन्शनच्या हाताला जोडलेली. गाडी खाली-वर झाली की दांडी हलते, सेन्सरचा कोन बदलतो आणि कॉम्प्युटरकडे जाणारं व्होल्टेज बदलतं. बऱ्याच गाड्यांत ते साधारण ०.५ ते ४.५ व्होल्टच्या दरम्यान असतं.

खरी गंमत इथे आहे. कॉम्प्युटरला 'उंची' दिसतच नाही. त्याला दिसतं फक्त व्होल्टेज.

समजा, एका कोपऱ्यात २.५ व्होल्ट म्हणजे योग्य उंची, असं कॉम्प्युटरच्या मेमरीत आहे. तुम्ही सेन्सर बदलला. नवा सेन्सर जरासा वेगळा बसला आणि त्याच उंचीला २.७ व्होल्ट दाखवायला लागला. कॉम्प्युटरला वाटतं, हा कोपरा वर गेलाय. तो २.५ येईपर्यंत हवा सोडत राहतो. आता गाडी तिरकी उभी आहे, पण कॉम्प्युटरच्या हिशोबाने सगळं परफेक्ट! आकडे मर्यादेत असल्यामुळे डॅशबोर्डवर दिवाही लागत नाही.

कॅलिब्रेशन म्हणजे पासंग काढणं

तराजूची दोन्ही पारडी रिकामी असतानाही एक बाजू खाली जात असेल, तर दुकानदार काय करतो? दुसऱ्या बाजूला छोटं वजन लावून दांडी सरळ करतो, म्हणजेच पासंग काढतो. कॅलिब्रेशन म्हणजे नेमकं तेच. प्रत्यक्ष उंची टेपने मोजायची आणि कॉम्प्युटरला सांगायचं, 'तू हा जो आकडा वाचतोयस ना, त्याचा अर्थ इतके मिलिमीटर.'

सेन्सर बदलला, सस्पेन्शनचा हात काढून बसवला किंवा सस्पेन्शनचा कॉम्प्युटरच बदलला, की हे करावं लागतं. नुसता कम्प्रेसर बदलला तर सहसा गरज पडत नाही.

प्रत्यक्षात करतात कसं?

१. गाडी एकदम सपाट जागेवर उभी करायची. उतारावर मोजलेला आकडा मेमरीत गेला, तर सपाट रस्त्यावर गाडी तिरकी उभी राहणार.

२. सामान आणि माणसं बाहेर, दरवाजे बंद, इंजिन चालू. डॅशबोर्डखालच्या पोर्टला डायग्नोस्टिक टूल जोडायचं.

३. चारही ठिकाणी चाकाच्या बरोबर मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजायचं. जमिनीपासून का नाही? कारण टायरमधली हवा आणि झीज प्रत्येक चाकाची वेगळी असते. चाकाच्या मध्यापासून मोजलं की टायरचा प्रश्नच मिटतो.

४. आकडे टूलमध्ये भरायचे. कंपनीने ठरवलेली उंची आणि हे आकडे यांतला फरक कॉम्प्युटर लक्षात ठेवतो आणि त्याप्रमाणे गाडी हलवतो.

५. गाडी थोडी फिरवून आणायची आणि चारही कोपरे पुन्हा मोजायचे.

पाचवी पायरी अनेक जण टाळतात आणि तिथेच फसतात. चार पायांच्या खाटेचा एक पाय उंच केला तर काय होतं? वजन तिरक्या समोरच्या पायावर जातं आणि बाकीचे दोन हलके होतात. गाडीचंही तसंच. पुढचा डावा कोपरा दुरुस्त केला की मागचा उजवाही बदलतो. म्हणून चारही कोपरे एकत्र बघावे लागतात.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मोजताना टायर आणि मडगार्डच्या मधे हात घालू नका, आणि पक्के स्टँड लावल्याशिवाय गाडीखाली जाऊ नका. ही गाडी कॉम्प्युटरच्या आदेशावर अचानक खाली बसू शकते आणि तिचं वजन अडीच टनांच्या आसपास आहे.

दोन-तीन सेंटीमीटरने काय एवढं बिघडतं?

हिशोब करून बघू. डिस्कव्हरी ३ च्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर आहे २,८८५ मिलिमीटर. मागच्या बाजूच्या तुलनेत पुढची बाजू ३ सेंटीमीटर उचललेली राहिली, तर गाडीला साधारण १ टक्का चढ आला.

आता हेडलाइट बघा. डिपरचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून तो साधारण १ टक्का खाली झुकवलेला असतो. म्हणजे तुमच्या ३ सेंटीमीटरने तो सगळा झुकाव संपला! ५० मीटरवर तुमचा झोत अर्धा मीटर वर गेला. रात्री ताम्हिणी घाटात समोरून येणाऱ्या बाइकवाल्याला काय दिसेल? काहीच नाही.

'पण माझे हेडलाइट ऑटो-लेव्हलिंग आहेत,' असं तुम्ही म्हणाल. अनेक गाड्यांत ही सिस्टिमसुद्धा उंचीची माहिती सस्पेन्शनच्या सेन्सरकडूनच घेते. सेन्सरच चुकीचं सांगत असेल, तर हेडलाइटही त्यावरच विश्वास ठेवणार.

रील्समधला 'जुगाड'

गाडी कायमची उंच किंवा बुटकी दिसावी म्हणून सेन्सरची मूळ दांडी काढून लहान-मोठी दांडी लावायचा ट्रेंड आहे. कॅलिब्रेशनमध्ये मुद्दाम खोटे आकडे भरणं हाही त्यातलाच प्रकार. कॉम्प्युटर फसतो, गाडी 'कडक' दिसते. पण चाकांचे कोन बदलतात, टायर एका बाजूने झिजतात आणि हेडलाइटचं तर वर सांगितलंच.

बिघाड कुठे आहे, हे घरीच कसं ओळखाल?

रात्री गाडी पार्क करताना चारही कोपरे मोजून लिहून ठेवा, सकाळी पुन्हा मोजा.

• आकडे बरेच कमी झाले असतील, तर हवेची गळती आहे. यात डिस्कव्हरी ३ ची एक खोड आहे. बंद असतानाही तिचा कॉम्प्युटर ठरावीक वेळाने जागा होतो आणि बाकीचे कोपरे सर्वांत खालच्या कोपऱ्याला जुळवतो. त्यामुळे गळती एका कोपऱ्यात असूनही पूर्ण गाडी बसलेली दिसू शकते.

• आकडे तेच राहिले, पण गाडी रोज तितकीच तिरकी असेल, तर संशय सेन्सर, त्याची दांडी किंवा कॅलिब्रेशनवर.

गळती असताना कॅलिब्रेशन करू नका. फुगा हवा सोडत राहतो, कम्प्रेसर ती भरून काढायला पळत राहतो आणि एक दिवस तोही जातो. तेव्हा आधी गळती आणि तुटलेली दांडी, मग कॅलिब्रेशन.

सेकंडहँड लक्झरी एसयूव्ही स्वस्तात मिळतेय? मग व्यवहाराच्या आधी खिशात मेजर टेप घेऊन जा. चार चाकं, चार आकडे, पाच मिनिटं. आणि गॅरेजवाल्याने थेट कम्प्रेसरचं नाव काढलं, तर एकच प्रश्न विचारा: "सेन्सरचं रीडिंग आणि टेपचं माप जुळतंय का?"