काळी, पांढरी आणि माळ

‘गावी आमची दोन एकर काळी आहे,’ असे कचेरीत अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. ती काळी किती हात खोल आहे, असे विचारले की मात्र बहुतेक जण गप्प बसतात. वस्तुतः शेतीचे सारे मर्म त्या हातांतच आहे.

सातारा जिल्हाच घ्या ना! महाबळेश्वरावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास असलेल्या म्हसवडला तो जेमतेम पाचशेवर येतो. तळचा खडक मात्र एकच, काळा बेसाल्ट. घाटमाथ्यावर पावसाने त्यातले विरघळणारे सारे धुऊन नेले, लोह मागे राहिले. तीच ती तांबडी माती आणि जांभा. तिच्यात पाणी साचून राहत नाही, म्हणून स्ट्रॉबेरीला ती मानवते. पूर्वेला माण-खटावच्या माळावर वीतभर माती आणि खाली मुरूम. बाजरी, मटकी, हुलगा आणि मेंढरे हे तिथले जुने शहाणपण. अलीकडे त्यात डाळिंबाची भर पडली.

खरी श्रीमंती मधल्या कृष्णाकाठची. तिथली चिकण काळी पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि मुरलेल्या ओलीवरच शाळू पिकवते. पण हाच गुण अतिपाण्याने वैरी होतो. पाणी तिच्यातून लवकर निचरत नाही. उसाला पाट सतत वाहता ठेवला की जमिनीखालची पातळी वर येते, बरोबर क्षार येतात आणि एके दिवशी वाफ्यावर पांढरा पापुद्रा दिसतो. नीरा खोऱ्यातील अशा खारवट जमिनींवर हॅरॉल्ड मॅन व तम्हाणे यांची पुस्तिका १९१० सालीच निघाली होती! त्यावर उपाय आहेत: निचऱ्याचे चर, जमिनीत पुरलेले सच्छिद्र नळ, चोपणीला जिप्सम. सारे खर्चाचे, आणि शेजाऱ्याने साथ दिली तरच उपयोगी. कारण आपल्या चराचे पाणी पुढे त्याच्याच बांधातून जायचे असते.

दुसरे संकट शहराकडून येते. पूर्वी शेताला ‘काळी’ आणि वस्तीला ‘पांढरी’ म्हणत. घरे पांढरीवर बांधावीत, काळीवर पेरावे, असा रिवाज. आता प्लॉट पडतात ते हमरस्त्यालगतच्या काळीतच. गंमत अशी, की फुगणाऱ्या त्या मातीत घराच्या भिंतींना तडे जातात आणि पाया खोल न्यावा लागतो. हा सौदा दोन्हीकडून तोट्याचा, असे माझे मत आहे.

भावाबहिणींत वाटणी व्हायची असेल, तर सातबारावरील ‘आकार’ जरूर पाहा. इंग्रजी अमदानीतील मोजणीत मातीची खोली, पोत आणि दोष पाहून सोळा आण्यांत प्रत ठरवीत. त्या प्रतवारीचा अंश या आकड्यात उरला आहे. २०१५पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश कळते. खोली मात्र कळत नाही. त्यासाठी एक मजूर, एक कुदळ आणि सकाळचे दोन तास पुरेत. कंबरभर खड्डा खणावा. गुडघ्याइतक्यावरच मुरूम लागला, तर तिथे उसाचा हट्ट धरू नये. आंबा-सीताफळाचा विचार करावा.